समोरून काढलेला फोटो

"लोक तोंडं बघतात, तुम्ही माना काय बघत फिरताय? कसाई आहात का?" मी आर्सेनी प्लातोनिचला डिवचलं.

"तू गप रे! सगळ्या युद्धात शाईच तेवढी सांडलीस."

खरं होतं. मी पलटणीचा कारकून. त्याच्या सुवर्णताऱ्याची, म्हणजे सर्वोच्च वीरपदकाची, शिफारस मीच लिहिली होती: अकरा दिवस, शत्रूचे नऊ रणगाडे, एक पूल. ते अकराही दिवस रणगाडा याकीमनं चालवला. कमांडर वर, चालक पुढे खाली. आर्सेनीला त्याची मान तेवढी पाठ. चेहरा दिसे तो काजळीनं माखलेला. अकराव्या दिवशी रणगाडा पेटला. याकीमनं कमांडरला ओढून बाहेर काढलं, दोघं दोन इस्पितळांत गेले, याकीमचं इस्पितळ कोणतं ते पलटणीला कळलं नाही, आणि मी त्याच्या नावापुढे 'बेपत्ता' लिहिलं.

तेव्हापासून दर विजयदिनी मॉस्कोत, थिएटरसमोरच्या बागेत, मी पलटणीची पाटी धरून उभा राहतो आणि हा गर्दीतल्या माना तपासतो.

यंदा डोक्याला रुमाल बांधलेली एक बाई पाटी वाचून थांबली.

"आर्सेनी प्लातोनिच कोण तुमच्यात? मी उस्तीन्या. याकीमची बायको. हिवाळ्यात गेला तो."

आर्सेनीच्या छातीवरची पदकंसुद्धा वाजायची थांबली.

"एकदा तरी यायचं होतं त्यानं," तो म्हणाला.

"आला होता की, दोन वर्षांमागं. तुमच्या पुढ्यात उभा राहिला. तुम्ही म्हणालात, दादा, जरा सरका, मागची माणसं दिसत नाहीत."

आर्सेनीला आठवेना. मलाही. हे वाक्य तो दरवर्षी शंभर जणांना ऐकवतो.

"मग नाव सांगायचं ना गाढवानं!"

"मीही तेच म्हटलं. तर म्हणाला, ओळख काय मागून घ्यायची? पण रागावला नव्हता हं. म्हातारा धडधाकट आहे म्हणाला, आणि घरी येऊन पोटभर जेवला."

तिनं पिशवीतून फोटो काढला. याकीम कामाला होता त्या ट्रॅक्टर केंद्राच्या ओळखपत्रासाठी समोरून काढलेला.

"ठेवा तुम्ही."

"नको. तुमच्याकडं एकच असेल."

तिची गाडी सातला होती. आर्सेनी तिच्याशेजारी बाकावर बसला, चष्मा लावून फोटो गुडघ्यावर ठेवला. शाळेची मुलं फुलं घेऊन आली. मी त्यांना हातानंच थोपवलं.

"डावी भुवई जरा वर आहे," बऱ्याच वेळानं तो म्हणाला.

"हो," ती म्हणाली. "हसला की आणखी वर जायची."