खुला

"देतो ना सोडून! हिलाच मोकळं व्हायचंय ना?" लियाकत खुर्चीतून उठत म्हणाला. त्याची बायको रुकय्या ताडकन उभी राहिली.

"मला सोड, असं मी म्हटलंच नाय! मला खुला पायजे."

नलिनीचा चेहरा उतरला. घोळ तिचाच होता. अंधेरीतल्या या महिला सल्ला केंद्रात आलेल्या बाईचं म्हणणं ऐकायचं नि वकील शर्मिष्ठा मॅडमच्या कानावर घालायचं, हे तिचं काम. रुकय्या 'खुला पायजे' म्हणाली, तेव्हा नलिनीनं सरळ मराठी अर्थ लावला, की बाईला मोकळं व्हायचंय. झालं! मॅडमनी नवऱ्याला बोलावून घेतलं, आणि तो तर एका पायावर तयार. मुंब्र्याला त्यानं दुसरा संसार थाटलाच होता.

"अगं, खुला म्हणजे बायकोनं मागितलेली फारकत," मॅडम नलिनीवर वैतागल्या. मग रुकय्याकडे वळल्या. "पण त्यात निकाहात नवऱ्यानं दिलेला मेहर परत करावा लागतो. तुझ्या त्या कानातल्या कुड्या! चूक त्याची, तू कशाला देतेस? त्यानं तलाक दिला तर त्या तुझ्याच राहतात. हक्क सगळ्या बायकांना सारखे, कुठल्या का धर्माच्या असेनात."

"हक्क आहे ना माझा? मग मीच परत करते. त्यानं सोडली, असं जोगेश्वरीत कोण बोलायला नको. मी सोडला त्याला."

"हक्क सोडून हक्क मिळतो का कुठे?"

मॅडम बोलल्या की नलिनीला त्यांचं पटे, रुकय्या बोलली की तिचं. सोनं फुकट का घालवायचं, हेही खरंच. पण नवरा, चंद्रप्रकाश, बोरिवलीला दुसरीकडे राहायला गेल्यापासून चाळीतल्या बायका नलिनीला 'टाकलेली' म्हणत, आणि गळ्यातलं मंगळसूत्र ती अजून काढत नव्हती. कुणासाठी, ते तिलाही सांगता आलं नसतं.

रुकय्यानं कुड्या काढून टेबलावर ठेवल्या. "काझीसमोर परत सांगीन."

लियाकतनं त्या खिशात घातल्या. "खुला तर खुला. मंजूर," म्हणाला आणि जिना उतरून गेला. मॅडम डोक्याला हात लावून आतल्या खोलीत गेल्या.

नलिनीनं पाणी पुढे केलं. "माझ्यामुळे तुझी वाट लागली असती गं."

"जाऊ दे ना ताई. तुमच्यात काय म्हणतात? बायको सोडते तेव्हा?"

"घटस्फोट."

"तो कोर्ट देतं. बायको देते त्याला?"

नलिनीनं खूप आठवून पाहिलं. "गावाकडे जुनी माणसं काडीमोड म्हणायची. पंचांसमोर काडी मोडायची, की झालं."

"कोण मोडायचं? नवरा की बायको?"

"ते काय माहीत नाय गं."

रुकय्या रिकाम्या कानाच्या पाळ्या चाचपत होती. "भोकं बुजतील आता."

"थांब," म्हणत नलिनी उठली. कोपऱ्यात नवाकोरा खराटा होता. त्यातला बारीक हीर उपसून तिनं काडकन एक तुकडा मोडला, मग दुसरा, मग आणखी एक. रुकय्यानं त्यातले दोन कानांत घातले, आणि नलिनीच्या हाताकडे पाहून हसली.

"कान तर दोनच आहेत ताई. ही तिसरी कोणासाठी मोडली?"

नलिनीनं हातातल्या काडीकडे पाहिलं. तिला ती टाकून देववेना.