दुहेरी गाठ

“बाबा, थांब हं. लेस सुटलीय माझी.”

मुलगी वरच्या वळणावर दगडाला पाय लावून वाकली होती. बाबाला थांब म्हणायची खरं तर काही गरज नव्हती. तो बराच मागे होता आणि त्याच्या छातीचा भाता झाला होता. थांबायला मिळालं म्हणून त्याने मनातल्या मनात त्या लेसचे आभार मानले.

हा गृहस्थ लिफ्टचा मेकॅनिक. आठवडाभर इमारतींच्या माथ्यावरच्या कोंदट खोल्यांत ग्रीसने हात काळे करायचे आणि कुणी दोन मजल्यांच्या मधे अडकलं की भरल्या ताटावरून उठून धावायचं. लोकांना एक जिना चढावा लागू नये म्हणून ज्याची हयात चालली होती, तो रविवारी मात्र हौसेने डोंगर चढायचा. “आमच्या लिफ्टवाल्याला जिनाच प्यारा,” असं त्याची बायको म्हणायची. ती नर्स. रविवारी तिची ड्यूटी हमखास असायची, त्यामुळे मुलगी पायावर उभीही राहत नव्हती तेव्हापासून तो तिला पाठीवरच्या झोळीत घालून इथे आणायचा. या वाटेवर फोन लागत नसे. तेवढा वेळ तो कुणाचा मेकॅनिक नसायचा, फक्त बाबा असायचा.

आज त्याच्या पोटात एक वाक्य होतं आणि ते काही केल्या ओठांवर येत नव्हतं.

काल संध्याकाळी कपड्यांच्या घड्या घालता घालता बायको म्हणाली होती, “तिला डोंगरात धावायच्या संघात घेतलंय. सरांचा फोन आला होता. सराव रविवारी सकाळी, म्हणून बाईसाहेब नको म्हणाल्या.”

“रविवारी काय अडचण आहे तिला?”

बायको हातातली उशीची खोळ तशीच धरून त्याच्याकडे बघत राहिली.

“अरेच्चा! मी होय अडचण?”

“अडचण कशाला असशील? पण तूच सांग तिला. माझं ऐकणार नाही ती. उद्या तो संघ तुमच्याच वाटेने वर जाणार आहे म्हणे.”

तर या वळणावर सांगू, असं ठरवून तो चढत होता. वळण आलं की पुढचं वळण जास्त सोयीचं वाटायचं. मधेच तिच्याशिवायचा रविवार डोळ्यांपुढे यायचा. एरवी बंद पडलेल्या लिफ्टच्या दारापाशी उभं राहून आतल्या घाबरलेल्या माणसांशी तासभर गप्पा मारणारा हा माणूस, स्वतःच्या लेकीशी एक वाक्य बोलेना.

लेस सुटण्याची युक्ती मुळात त्याची. मुलगी लहानपणी भारी मानी होती. धापा टाकायची, लालबुंद व्हायची, पण “दमले” म्हणायची नाही. उचलून घेतो म्हटलं तर रुसायची. मग चढ आला की यालाच खाली वाकून बूट बांधावे लागायचे. “बाबा, तुझे बूट अगदीच वाईट आहेत,” असं ती कमरेवर हात ठेवून ऐकवायची आणि तेवढ्यात तिचा श्वास जागेवर यायचा.

“बाबा, पुन्हा सुटली बघ.”

या वेळी तो तिच्या अगदी जवळ पोचला होता. त्याने बुटांकडे पाहिलं. वाढदिवसाला त्यानेच आणलेले बूट. वर एक चकती होती, ती फिरवली की बूट पायाला घट्ट बसायचा. आता लेस बांधायची कटकट गेली, असं दुकानदाराने त्याला कौतुकाने दाखवलं होतं.

“ठमे,” तो म्हणाला, “या बुटांना लेसच नाहीये.”

ती वाकलेलीच राहिली. कान तेवढे लाल झाले.

“माझी लेस सुटत नव्हती, हे तुला कधी कळलं?” त्याने विचारलं.

“मला बूट बांधता यायला लागले तेव्हाच. तुझी दुहेरी गाठ असायची. दुहेरी गाठ कशी सुटेल?”

“मग बोलली का नाहीस?”

“मला दम लागलेला असायचा ना.”

तो मोठ्याने हसला. हसता हसता डोळे भरून आले, तेव्हा त्याला वाटलं, आत्ता नाही बोललो तर पुन्हा जमायचं नाही.

“तू संघात जायचंस.”

“आईने सांगितलं ना! तिच्या पोटात काही म्हणजे काही राहत नाही.” ती सरळ उभी राहिली. “मला नाही जायचं.”

“लेस सुटली म्हणालीस, त्यातलंच हे.”

ती पुन्हा वाकली आणि बुटाची चकती उगाच फिरवू लागली. “तू एकटा येशील?”

“येईन की. सावकाश. मधे अडकलोच तर स्वतःलाच फोन करीन.”

“इथे फोन लागत नाही, बाबा.” ती हसत होती की रडायच्या बेतात होती, हे त्याला कळेना. “पाणी आहे का तुझ्याकडे?”

“आहे गं.”

खालून पावलं वाजली. पोरापोरींची रांग चढ चढत आली, मागून सर. “येतेस का गं?” त्यांनी न थांबताच विचारलं. तिने बाबाकडे पाहिलं.

“जा,” तो म्हणाला.

ती धावली. दगडावरून दगडावर, हलकी, सहज, बघता बघता रांगेच्या पुढे. ती अशी धावते हे त्याला माहीतच नव्हतं. त्याच्याबरोबर ती कधी आपल्या वेगाने चढलीच नव्हती. त्याला अभिमान वाटला, आणि फार एकटंही वाटलं.

वरच्या वळणावर बाकीची मुलं तिला ओलांडून दिसेनाशी झाली. ती एकटी थांबली आणि मागे वळली. त्याने घाईघाईने जवळच्या दगडावर पाय ठेवला आणि खाली वाकला.

“बाबा, काय झालं?”

“काही नाही गं! लेस सुटलीय. तू हो पुढे!”

ती क्षणभर तिथेच उभी राहिली. मग तिची पावलं निघाली. गाठ दुहेरी होती, चांगली घट्ट होती. त्याने ती सोडली आणि पावलं ऐकू येईनाशी होईपर्यंत सावकाश पुन्हा बांधली.