मेंढीला नसलेलं हाड

तोंडी परीक्षेत नापास करायचं ठरलं की आमचे सर मुलीपुढं ग्लास सरकवतात. "पाणी पी, बाळ." सांगलीच्या या फिजिओथेरपी कॉलेजात मी बावीस वर्षं शिपाई आहे, ते पाणी कुणाला गोड लागलेलं बघितलं नाही.

आटपाडीची पल्लवी ते दोनदा प्यायली होती. शब्द तोच, मानेच्या स्नायूचा: स्टर्नोक्लायडोमॅस्टॉइड. तुकडे सहा, जोर पाचव्यावर. पहिल्या खेपेला तिनं जोर पहिल्या तुकड्यावर दिला, दुसऱ्या खेपेला रडण्यावर. ही तिसरी, शेवटची खेप. चुकली की कॉलेज सुटलं.

दारात माझा हात धरून म्हणाली, "भाऊसोमामा, सुट्टीभर आबांच्या मेंढरांमागं हिंडत घोकलंय. एकेकीची मान चाचपून."

"मग मेंढ्या पास झाल्या का?"

हसली नाही. तुकडे बोटांवर मोजत आत गेली.

आत तिनं शब्द घडाघडा फोडला. "स्टर्नो, ग्रीक, छाती. क्लायडो म्हणजे किल्ली, त्यावरनं गळ्याखालचं आडवं हाड. मॅस्टॉइड म्हणजे स्तनासारखा, कानामागचा उंचवटा." जोर बरोबर 'मॅस'वर.

"बसा स्टुलावर, भाऊसो," सर म्हणाले. "दाखव यांच्या मानेवर."

गार बोटं कानामागं टेकली, मानेवरून तिरकी उतरली आणि थेट छातीच्या हाडावर थांबली.

"आणि क्लायडो?"

बोटं थिजली. खांदा हलवून खूण करावी असं मला वाटलं. बावीस वर्षांत पहिल्यांदाच.

"सर... मेंढराला ते हाड नसतंय."

सरांचा हात ग्लासाकडं गेला. "पाणी..."

"नगं सर, नगं!" ती ओरडलीच. खिडकीबाहेर लिंबाखाली तिचा बाप अर्जुना उभा होता, घोंगडं अडकवलेली काठी खांद्यावर. तिनं एकदा तिकडं बघितलं आणि माझ्या गळ्याखालचं हाड असं दाबलं की मी कळवळलो.

"हितनं! आबांची काठी रुततीया त्येच हाड. काठी भाईरच्या टोकाला, स्नायू आतल्या टोकाला."

 सरांनी ग्लास उचलला आणि स्वतःच रिकामा केला.

"पुढचीला बोलवा, भाऊसो."