दीड फेऱ्याची मोजणी

मित्रांनो, मी एक जुने चाक आहे. पण गाडीचे नव्हे, रस्ता मोजण्याचे. लांब दांडा, त्याच्या टोकाला मी आणि शेजारी आकडे दाखवणारी छोटी काचेची खिडकी. माझा एक फेरा म्हणजे एक मीटर. कारखान्यातल्या कारागिराने मला फरशीवरच्या रेघेवरून वीस वेळा फिरवले, तेव्हा कुठे त्याचे समाधान झाले.

माझी मालकीण अपघातांची तपासणी करणारी इंजिनिअर होती. सगळे तिला ताई म्हणत. गाड्यांची टक्कर झाली आणि कोणी दुखापतीची भरपाई मागितली, की विमा कंपनी तिला बोलावून घेई. ताई चालायची आणि मी तिच्यापुढे टकटक करत पळायचो. तापलेले डांबर, टायरचे काळे वळ, काचांचा चुरा... काय दिवस होते ते! तिच्या तळहाताची ऊब दांड्यातून माझ्यापर्यंत पोचायची.

एकदा शिवणकाम करणारी एक बाई सिग्नलला आपली छोटी गाडी थांबवून बसली होती. मागून मालाने भरलेला ट्रक येऊन धडकला. बंपरवर जेमतेम ओरखडा उठला. पण तेव्हापासून तिला मान वळवता येईना. मशीनवर वाकले की डोळ्यांपुढे अंधारी यायची.

ट्रकवाला म्हणाला, "ताई, मला तर धक्कासुद्धा कळला नाही. खोटं कशाला बोलू?"

कंपनीच्या साहेबांनी ओरखड्याचा फोटो पुढे सरकवला. "एवढ्याशाने मान धरते होय?"

बाईचा नवराही पुटपुटला, "गाडीला काही नाही, मग हिलाच कसं झालं?"

रस्त्यावर मोजणी चालू असताना बाई ताईला हळूच म्हणाली, "भरपाईचं राहू द्या हो. घरातच कोणी खरं मानत नाही, ते जास्त लागतं."

धडकेच्या वेळी बाईचा पाय ब्रेकवर होता, म्हणून ढकललेल्या गाडीच्या टायरांचे वळ उमटले होते. ताईने मला त्यांच्या सुरुवातीला टेकवले आणि चालू लागली. मी फक्त दीड फेरा फिरलो. ताई मात्र त्या दीड फेऱ्यापाशी बराच वेळ उकिडवी बसून वहीत लिहीत राहिली.

सुनावणीच्या खोलीत तिने मला भिंतीला टेकवून ठेवले.

"ट्रकचं वजन गाडीच्या दहापट," ती म्हणाली. "टक्कर झाली की जडाचा वेग थोडा बदलतो, हलक्याचा खूप. गाडीच्या वेगात जो बदल झाला, त्याचा दहावा हिस्सा ट्रकच्या वाट्याला आला. ड्रायव्हरदादांना कळलं नसेल, ते खरंच आहे. पण टायरांच्या दीड मीटर वळांवरून हिशेब निघतो, की थांबलेली गाडी पापणी लवायच्या आत ताशी चौदा किलोमीटरच्या वेगाने पुढे गेली. सीटने पाठ ढकलली, डोकं मागेच राहिलं. मधला ताण मानेने सोसला."

"म्हणजे दुखापत झालीच, असं लिहून देता?" साहेबांनी विचारले.

"नाही. दुखणं डॉक्टर सांगतील. ओरखडा बघून यांना खोटं पाडू नका, एवढंच माझं गणित सांगतं."

डॉक्टरांचे कागद पुन्हा वाचले गेले आणि बाईचा दावा मान्य झाला. ती एका बाजूला बसलेल्या नवऱ्याकडे बघायला अख्खी वळू लागली, तसा तो उठला. त्याने आपली खुर्ची उचलली आणि तिच्या समोर मांडली.

"मान वळवू नकोस," तो म्हणाला. "बोल. मी इथंच आहे."

पुढे ताईने दुसऱ्या गावी नोकरी धरली. नव्या माणसांकडे प्रकाशाच्या किरणाने अंतर मोजणारे यंत्र आले. मी कपाटामागे उभा आहे. माझ्या रबराला चिरा पडल्या, आस गंजला. बाहेरून ट्रक गेला की फरशी थरथरते आणि मी केसभर सरकतो. तेवढाच आता माझा प्रवास. दारात पावले वाजली की वाटते, ताईच आली.

मित्रांनो, जुन्या अवजारांना अधूनमधून तेलाचा थेंब द्या. आणि कोणी 'दुखतंय' म्हणाले, तर वरचा ओरखडा बघून निकाल देऊ नका. उठा, चार पावले चालून नीट मोजून या. जाताना जमले तर मलाही सोबत न्या. मला डांबराची फार आठवण येते.