हवार्तीचं मूळ गाव

रुचाचा हात मागायला मी आखातातल्या खलिफा सिटीत तिच्या घरी गेलो, तेव्हा पेढ्यांऐवजी चीजचा मोठा ठोकळा घेऊन गेलो. चीज आयात करणाऱ्या कंपनीत मी सेल्सला आहे आणि स्टाफला डिस्काउंट असतो. प्रेम आंधळं असलं तरी त्याला बिल वाचता येतं.

तिच्या बाबांचा, अंबादासकाकांचा, केटरिंगचा धंदा. त्यांनी ठोकळा दाबून पाहिला. मला दाबलं नाही, एवढंच.

"नाव?"

"मिथुन पालशेतकर."

"ह्याचं विचारतोय."

"हवार्ती. डेन्मार्कचं."

"डेन्मार्कात कुठलं?"

इथे मी खुललो. कोपनहेगनच्या उत्तरेला हवार्ती नावाचं शेत होतं. तिथल्या हाने निल्सनबाई एकोणिसाव्या शतकात युरोपभर फिरून चीज करायला शिकल्या. हे चीज बरीच वर्षं दुसऱ्याच एका चीजच्या नावानं विकलं जायचं, १९५२ साली त्याला बाईंच्या शेताचं नाव मिळालं.

"म्हणजे हवार्तीकर," काका म्हणाले. "घराणं चांगलंय. आता तुझं. पालशेतात घर कुठल्या वाडीत?"

मी रुचाकडे पाहिलं. तिनं एसीकडे.

"माझा जन्म शारजाचा, काका. गावी कधी गेलोच नाही."

"चीजची वंशावळ पाठ, आणि स्वतःची वाडी माहीत नाही?"

"चीजचं कंपनीनं ट्रेनिंग दिलं होतं."

"बाबा, प्लीज! ही इज फ्रॉम शारजा, दॅट्स इट," रुचा म्हणाली.

"मग लग्नाची पहिली पत्रिका कुठल्या ग्रामदेवतेपुढे ठेवायची? शारजाच्या इंडस्ट्रियल एरियातल्या?"

मी शेवटचा मुद्दा काढला. "काका, हे चीज तरी आता त्या शेतावर कुठे बनतं? देशभर बनतं. शेताचं नाव तेवढं लावतात."

काकांनी मला नीट न्याहाळलं. "तुझ्यासारखंच."

स्वतःविरुद्ध इतका भक्कम पुरावा मी आधी कधी दिला नव्हता. काकांनी सुरी मागवली. एक काप खाल्ला. मग आणखी एक. रुचानं माझ्या पायावर पाय दिला. धीर द्यायला की शिक्षा म्हणून, कळलं नाही.

"सुट्टी कधी?"

"नोव्हेंबरात, इन्शाल्ला."

"इन्शाल्ला नको, तारीख सांग. पालशेतला मी येतो बरोबर. एकटा गेलास तर मॅपवर देवी शोधत बसशील."

"पण नुसतं जाऊन देवीपुढे ठेवणार काय?" मी विचारलं.

"पत्रिका! विषय खलास, छापायला टाका."

"बाबा, इज दॅट अ यस?"

"आणि नारळाबरोबर ह्यातला एक तुकडाही ठेवू," काका पुढचा काप काढत म्हणाले. मग त्यांनी ठोकळ्याकडे पाहिलं. "उरला तर."