टाकीखालची मोजणी

मामांच्या थोरल्या सुनेला जुळं झालं, त्या वर्षीची ही गोष्ट. दोन खोल्यांचं घर, त्यात दोन तान्ही. एक निजलं की दुसरं रडायचं, आणि चुकून दोन्ही निजली की मामींच्या हातून भांडं पडायचं. त्याच घरात मामांची भाची आपला प्रबंध लिहीत होती. आई गेली तेव्हा ती सात वर्षांची होती. तेव्हापासून मामांकडेच वाढलेली. शेवटी मामाच तिला म्हणाले, "इथे तुझं एक पान पुरं व्हायचं नाही. विभागात जाऊन बस. तिथे कोणी रडत नाही."

"परीक्षा जवळ आली की सगळेच रडतात तिथे," भाची म्हणाली, आणि वह्या उचलून गेली. त्या दिवसापासून ती सकाळी आठलाच रसायन विभागाच्या तिसऱ्या मजल्यावर जाऊन बसू लागली.

मामा त्याच विभागात स्टोअरकीपर होते. आम्लांच्या बाटल्या, गॅसचे सिलिंडर, काचेची नळकांडी, सगळं त्यांच्या हातून जायचं. झाडूवाल्यापासून विभागप्रमुखांपर्यंत सगळी इमारत त्यांना मामा म्हणायची. सख्खे मामा मात्र ते एकीचेच. शेजारच्या खोलीत काचवाला बसायचा. फुटलेली उपकरणं ज्योतीवर धरून फुंकर मारून तो सांधायचा. तो म्हणायचा, "एवढी भाचरं असून तुला अजून कोणी मामा बनवलं नाही, कमाल आहे."

बनवणं सोपं नव्हतं, कारण मामांचा एक नियम होता आणि त्या नियमाला एक मढं कारण झालं होतं. बावीस वर्षांपूर्वी तळमजल्यावर क्लोरीनच्या सिलिंडरचं तोंड फुटलं. हिरवट-पिवळा धूर गुडघाभर उंचीने जिन्यापर्यंत आला. सगळे वाट फुटेल तिकडे पळाले. एक विद्यार्थी थेट वसतिगृहात गेला आणि खोलीत जाऊन झोपला. इकडे त्याचे मित्र छाती पिटून ओरडताहेत, तो आतच राहिला म्हणून. तेव्हा एका हमालाने तोंडाला ओलं फडकं बांधलं आणि तो आत शिरला. मामांनीच त्याला नंतर पाय धरून बाहेर ओढला. तोंड निळं पडलेलं, नाकातून रक्ताचा फेस, नखं दाराच्या लाकडात रुतून उलटलेली. जो आत नव्हताच त्याला शोधायला गेलेला माणूस असा गेला.

त्यानंतर मामांनी नियम केला. स्टोअरमधून भोंगा वाजला की हातातलं सोडायचं, मागच्या जिन्याने उतरायचं, आणि मागच्या अंगणात पाण्याच्या उंच टाकीखाली एका मजल्याची एक रांग करून उभं राहायचं. रांगेच्या तोंडाशी मजल्याचा प्रमुख, हात वर करून. मामा येऊन डोकी मोजणार, प्रमुख आकडा सांगणार, आणि मामा "सुटा" म्हणतील तेव्हा रांग मोडणार. प्रमुखाने सगळ्यांच्या शेवटी हलायचं. दर महिन्याला याची कवायत व्हायची. नव्या विद्यार्थ्याला पहिली परीक्षानळी देण्याआधी मामा हे म्हणवून घ्यायचे. "मोजणी होईपर्यंत बाप मेला तरी रांग सोडायची नाही. काय?" "सोडायची नाही, मामा." एकदा विभागप्रमुख कोणाशी बोलायला म्हणून रांगेतून बाजूला झाले, तर मामांनी त्यांना आठवडाभर साधा गाळणकागद दिला नाही. बावीस वर्षांत तीनदा खरी आग लागली, आणि एकाच्याही केसाला धक्का लागला नाही.

त्या वर्षी तिसऱ्या मजल्याचं प्रमुखपण कोणी घेईना, म्हणून ते भाचीच्या गळ्यात पडलं.

विद्यापीठात तेव्हा संप चालू होता. दोन वसतिगृहं पाडायची होती आणि आतल्या पाचशे जणांनी कुठे जायचं हे कोणी सांगत नव्हतं. बारा दिवस घोषणा झाल्या. सोमवारी दगड सुरू झाले. एका पहारेकऱ्याचा जबडा असा फुटला की दात घशात गेले. मंगळवारी पहारेकऱ्यांनी ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर तीन विद्यार्थी धरले, त्यांचे पंजे पायरीच्या कडेवर ठेवले आणि वरून लोखंडी कांब घातली. बुधवारी कुलगुरूंच्या गाडीला आग लावली गेली. गुरुवारी सकाळी साडेदहाला पोलिसांच्या अकरा गाड्या आत आल्या.

त्यांनी इशारा दिला असेल किंवा नसेल. विचारणारा कोणी उभा राहिलाच नाही. मधल्या रस्त्यावर त्यांनी आधी धुराची नळकांडी फेकली आणि मग त्या धुरात शिरून लाठ्या चालवल्या. ज्याला लागायचं त्याला समोरचा दिसत नव्हता आणि मारणाऱ्याला बघायचं नव्हतं. चाळीस-पन्नास विद्यार्थी वाट सापडेल तसे पळत रसायन विभागात घुसले, कारण त्या इमारतीच्या पुढच्या दाराला लोखंडी पत्रा होता. मामांनी आणि काचवाल्याने दार लोटून अडसर घातला.

आत आलेल्यांत एकाचा कान लोंबत होता. एक मुलगी जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसून आपला तुटलेला दात मुठीत धरून होती, कोणी मागेल म्हणून जपून ठेवल्यासारखा.

"वर आपले किती?" मामांनी विचारलं.

"एकोणतीस. पहिल्यावर आठ, दुसऱ्यावर दहा, तिसऱ्यावर अकरा," काचवाला म्हणाला. "अकरात तुझी पोरगी."

"ते मला सांगतोस?"

"तुझं तोंड बघून वाटलं, विसरलास."

मामांनी आतल्या फोनवरून तिसरा मजला लावला. घंटा वाजत राहिली. धूर खिडक्यांतून येत होता म्हणून वरच्यांनी आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं होतं. फोन बाहेरच्या टेबलावर.

दारावर पहिला धक्का बसला. बागेतलं सिमेंटचं बाकडं सहा पोलिसांनी उचलून आणलं होतं आणि ते त्याचं टोक दारावर घालत होते. दुसऱ्या धक्क्याला वरची बिजागरी निसटली. त्याच वेळी तळमजल्याच्या काचेतून धुराचं एक नळकांडं आत आलं आणि स्टोअरच्या मांडणीवर आदळलं. बाटल्या फुटल्या. फरशीवर आम्ल फसफसत पसरलं आणि एका अनोळखी विद्यार्थ्याच्या चपलेखाली गेलं. तो नाचल्यासारखा एका पायावर उड्या मारत किंचाळू लागला.

"मी दार धरतो," काचवाला म्हणाला. "तू पोरांना मागून काढ."

"या गुडघ्यांनी तीन मजले चढेपर्यंत हे लोक माझ्याआधी वर जातील."

"मग काहीतरी कर. मामा ना तू सगळ्यांचा?"

मामांनी स्टोअरच्या मागच्या खिडकीतून पाहिलं. मागचं अंगण रिकामं होतं. टाकीपलीकडे छोटं फाटक, फाटकापलीकडे कर्मचाऱ्यांची घरं. भाचीने एवढं तीस पावलांचं अंगण ओलांडलं की ती सुटली. सगळ्या इमारतीला एका दमात मागच्या जिन्याने खाली उतरवील अशी एकच गोष्ट होती, आणि ती मामांच्या हाताशी होती. त्या घटकेला त्यांना जिना दिसला, फाटक दिसलं. मधली रांग दिसली नाही.

त्यांनी भोंग्याचा दांडा खाली ओढला.

भोंगा वाजत असतानाच दार आत कोसळलं. काचवाला दारासकट खाली गेला. वरून तिघे-चौघे दारावर चढून आत आले. ते दाराखालच्या माणसाला तुडवताहेत हे त्यांना ठाऊक होतं की नाही कोण जाणे. मग एकाने त्याला बाहेर ओढलं आणि दोघांनी लाठ्या धरल्या. काचवाला म्हातारा होता, त्याने हात जोडले. पहिल्या तडाख्याला जोडलेले हात सुटले. दुसरा तोंडावर बसला, तिसरा डोळ्यावर. मग त्याने आवाज काढणं बंद केलं, तरी मोजून आणखी पाच-सहा बसले.

मामा मधे पडले. खांद्यावर लाठी आली आणि गळ्याखालचं हाड मोडल्याचा आवाज त्यांनी स्वतः ऐकला. ते पडले ते आम्लातच. एक तळवा भाजला. कोणीतरी त्यांच्या बरगड्यांत बूट घातला आणि पुढे गेला. मामा कोपरांवर सरपटत स्टोअरच्या मागच्या दारापर्यंत आले आणि दार ढकलून अंगणाच्या पायरीवर पालथे पडले.

समोर पाहिलं, आणि त्यांना कळलं.

बाहेरून घुसलेले विद्यार्थी अंगण ओलांडून फाटकातून केव्हाच गेले होते. शेवटच्याचा सदरा फाटकाच्या कोयंड्यात अडकून फाटला, तेवढीच चिंधी तिथे हलत होती. त्यांना मामांचा नियम ठाऊक नव्हता. ज्यांना ठाऊक होता ते टाकीखाली उभे होते. तीन रांगा. आठ, दहा, अकरा. डोळे धुराने लाल, कोणी खोकतंय, पण रांग सरळ. तिसऱ्या रांगेच्या तोंडाशी भाची, उजवा हात वर.

तिने मामांना पायरीवर पाहिलं. ते घसरून पडले असंच तिला वाटलं असावं.

"मामा, तिसरा पूर्ण," ती मोठ्याने म्हणाली. "अकरा. तुला काय लागलं?"

"पळा," मामा म्हणाले. पण धुराने घसा बसला होता आणि बरगडी मोडल्याने दम पुरत नव्हता. तोंडातून नुसती फुंकर बाहेर आली. त्यांनी भाजलेला हात उचलून फाटकाकडे केला. मोजायला सुरुवात करताना मामा असाच हात करायचे. रांग आणखी ताठ झाली.

पोलीस इमारतीच्या दोन्ही अंगांनी आले. मधे सापडलेली ती एकोणतीस माणसं पळत नव्हती, दगड मारत नव्हती. ओळीने उभी होती, म्हणून मारायला सोपी होती. पहिली रांग एका झपाट्यात आडवी झाली. दुसऱ्या रांगेतला एक लठ्ठ विद्यार्थी "आम्ही रसायनवाले, आम्ही इथलेच" असं सांगत होता. त्याच्या कानशिलावर लाठीची गाठ बसली आणि तो वाक्य अर्धं टाकून गुडघ्यांवर आला, मग तोंडावर. पळायला लागलेल्यांच्या पोटऱ्यांवर मारलं, पडलेल्यांच्या पाठीवर मारलं. चष्म्यांच्या काचा पायांखाली कुरकुरत होत्या. टाकीच्या खांबाला धरून बसलेल्या एकाची बोटं त्याच खांबावर ठेचली.

भाची हलली नाही. आपल्या मागच्या दहा जणांना ती डाव्या हाताने ढकलत होती, "जा, जा, मोजलं तुम्हाला, सुटा," म्हणत. प्रमुखाने शेवटी हलायचं. तिच्यासमोर आलेल्या पोलिसाला बहुधा तो वर केलेला हातच दिसला. त्याने तो हात आधी मोडला. मग डोक्यावर एक घातला. ती खाली बसली तेव्हा दुसरा घातला. मामांनी दोन्ही आवाज वेगवेगळे ऐकले. ते तिच्याकडे सरपटत निघाले, पण कोणीतरी त्यांच्या पाठीवर पाय ठेवून उभं राहिलं होतं.

पाव तासाने सगळं थांबलं. एक अधिकारी अंगणात आला, पडलेल्यांमधून वाट काढत पायरीपाशी थांबला. त्याने विचारलं, "भोंगा कोणी वाजवला?"

"मी," मामा म्हणाले. आता आवाज फुटला.

"तुम्ही कोण?"

"स्टोअरकीपर."

"बरं केलंत. नाहीतर एकेक मजला शोधत बसावं लागलं असतं."

तो चेष्टा करत नव्हता. त्याने टोपी काढून कपाळ पुसलं आणि गाडी मागवायला सांगितलं. मामांनी पाठीवरचा पाय उठल्यावर अंगण ओलांडलं. तीस पावलं. भाचीचं डोकं त्यांनी मांडीवर घेतलं तेव्हा तिचे डोळे उघडे होते आणि एका कानातून पातळ, पाण्यासारखं रक्त येत होतं. "सुटा," मामा तिला म्हणाले. परत म्हणाले. गाडी येईपर्यंत ते तेवढंच म्हणत राहिले.

दुसऱ्या मजल्यावरचा लठ्ठ विद्यार्थी गुरुवारी अकराच्या सुमाराला टाकीखालीच मरण पावला. काचवाला वाचला, त्याचा डावा डोळा गेला. भाची दोन दिवस शुद्धीवर आली नाही. ती शनिवारी सकाळी सव्वानऊ वाजता रुग्णालयात वारली. तिला सव्विसावं चालू होतं.