पिंगळीच्या टेसनावर उतरलेल्या पेट्या

श्रावणातल्या एका दुपारी पिंगळीच्या टेसनावर लांबट पेट्या उतरल्या, अन् पोलीस ठाण्याचा अमीन थेट सिद्रामप्पाच्या किराणा दुकानापुढं येऊन उभा राहिला. आज अंगावर वर्दी नव्हती, साधा सदरा होता. मागं रझाकारांची टोळी.

"गाडी जुपा, अप्पा. वाडीला जायचंय."

ओढ्यापलीकडच्या वाडीत सिद्रामप्पाची लेक मल्लम्मा दिली होती. हद्दीपलीकडच्या कॅम्पातून निजामाविरुद्ध लढायला येणाऱ्या पोरांना त्या वाडीनं भाकरी घातली, हे आता ठाण्याला कळलं होतं.

दोर आणायच्या निमित्तानं तो घरात शिरला. "पांदीनं जाऊ नको, शेतातून जा," तो बायकोला दबक्या आवाजात म्हणाला. "सगळ्यांला बाहेर काढ. म्या गाडी रखडवतो."

सिद्धम्मानं पदर खोचला अन् परसदारानं निघाली.

बंदुकांच्या त्या पेट्यांवरचे सरकारी छाप खरवडून काढलेले होते. टोळीतल्या दस्तगीर कल्हईवाल्यानं त्यावर बोट फिरवलं, तसा अमीन हसला. "दिल्लीवाल्यांनी विचारलं तर ही रयतेची माणसं. सरकारचा काय संबंध?"

ओढ्याला गुडघाभर पाणी होतं. बैल बुजतील म्हणून सिद्रामप्पा खाली उतरला, चाकाशी वाकला अन् आसाची खीळ उपसली. मान वर केली तर दस्तगीर त्याच्या मुठीकडंच बघत होता. सिद्रामप्पाच्या घरची भांडी हाच माणूस दरसाल कल्हई करून द्यायचा.

गाडी हलली, ओढ्याच्या मधोमध चाक निखळलं अन् पेट्या पाण्यात गेल्या.

"खीळ कुठाय?" अमीन धावत आला.

सिद्रामप्पा चाकाशी वाकला. मूठ पाण्याखाली उघडून त्यानं खीळ गाळात सोडली.

"घिसेली थी, साब," दस्तगीर म्हणाला. "टेसनपेच हिल री थी."

अमीननं दोघांकडं आळीपाळीनं पाहिलं. मग बंदुकीचा दस्ता सिद्रामप्पाच्या मनगटावर आदळला. हाड मोडल्याचा आवाज त्याचा त्यालाच ऐकू आला.

बाभळीचं लाकूड ठोकून गाडी काढेपर्यंत दिवस कलला. वाडीत चुली गरम होत्या, माणूस एक नव्हतं. टोळीनं घरं पेटवून दिली. जळती घरं बघत सिद्रामप्पा मोडका हात छातीशी धरून बसला. लेक वाचली होती.

दिल्लीहून बोंब झाली म्हणून पुढच्या आठवड्यात हैद्राबादेहून एक मोठा अंमलदार चौकशीला आला. शेजारी अमीन, कडक वर्दीत.

"वाडी जाळणारे कोण लोक होते, सरकारला माहीत नाही," अमीन म्हणाला.

अंमलदारानं सिद्रामप्पाला विचारलं, "हात कसा मोडला?"

आता दस्तगीरचं नाव निघता कामा नये, एवढंच सिद्रामप्पाच्या मनात होतं. चांगला हात उचलून त्यानं अमीनकडं बोट केलं. "ह्यांनी मोडला. पेट्याबी ह्यांनीच उतरवून घेतल्या. बाकी कुणाला म्या वळखत न्हाई."

"अप्पा, तुम्हाला ताप चढलेला दिसतो," अंमलदार म्हणाला अन् उठला.

त्याच दिवशी सिद्धम्मानं दुकानाला कुलूप घातलं. लेक-जावयासकट ती चौघं हद्द ओलांडून गेली, अन् हिंदी फौज परभणीत शिरल्यावरच परत आली.